गॅसघरात गप्प बसायचं नाही

परत आल्यापासून गिरणीच्या पायरीवर रोज दोनतीन माणसं येऊन टेकतात आणि विचारतात, "काय हो भाऊ, सोलापुरात पाहिलंत तरी काय?" सांगून सांगून माझा घसा बसला. माझा घसा बसू शकतो हे आमच्या गावात कुणाला खरं वाटणार नाही, पण बसला. म्हणून हे लिहून काढतोय. ज्याला हवं त्याने वाचावं आणि मला जरा उसंत द्यावी.

आमचं गाव चिपळूणपासून दोन कोसांवर, वाशिष्ठीच्या काठाला. माझी भाताची गिरण आहे, डिझेलवर चालणारी. विजेचे खांब गावात येऊन उभे आहेत, तारा अजून यायच्या आहेत, आणि त्या खांबांचा उपयोग सध्या गुरं बांधायला होतो. त्र्याहत्तरच्या अखेरीस अरबांनी तेलाचा हात आखडता घेतला आणि चौऱ्याहत्तर साली इकडे माझ्या गिरणीचा घास अडला. आधी दिवसाआड चालायची, मग आठवड्यातून एकदा, श्रावणापासून बंदच. भात झोडून झालं तरी बायका घरोघर मुसळ घेऊन उभ्या, आणि दर घावाला माझा उद्धार.

तो उद्धार मी सोसला असता. खरी धास्ती होती ती गंगाराम मेस्त्रींची. अठरा वर्षं हा माणूस माझं इंजिन सांभाळतोय. बायको वारली, मूलबाळ नाही, इंजिन आणि तो. गणपतीला त्यांचा भाचा मुंबईहून आला आणि म्हणाला, "मामा, गिरण बंद, तुम्ही इथं काय माश्या मारणार? आमच्या कारखान्यात पहारेकऱ्याची जागा आहे, संक्रांतीपर्यंत कळवा." हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मेस्त्रींना विचारण्याची सोय नाही, कारण मेस्त्री बोलत नाहीत. मुके नाहीत हो. बोलत नाहीत, एवढंच. दिवसाला दहा शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी. मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं, अशी आमची वाटणी ठरून गेली आहे. हा माणूस मुंबईला गेला तर मी गिरण कुणाच्या जिवावर चालवणार, आणि खरं सांगायचं तर बोलणार कुणाशी, या विचाराने मला झोप लागेना.

अशात दारावर एक सोलापुरी चादरी विकणारा आला. त्याच्यापाशी मी डिझेलचं रडगाणं गायलं, तर तो म्हणाला, "आमच्या राजय्या शेठचे माग कोळशाच्या गॅसवर चालतात. तसलीच एक जुनी भट्टी आणि इंजिन शेठकडं पडून हाय." मी त्याच दिवशी कार्ड टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं, "या. माणूस घेऊन या." मी मेस्त्रींना म्हणालो, "चला." ते उठले.

सोमवार, मुक्काम सोलापूर

एसटीचा प्रवास मी सांगत नाही, माझी कंबरच काय ते सांगेल. घाट चढून कऱ्हाड मागे टाकलं की पुढे झाडं विरळ होत जातात, आणि पंढरपूर ओलांडल्यावर तर डोळ्याला आधार म्हणून काही उरत नाही. नुसती काळी जमीन आणि त्यावर ज्वारी, नजर पोचेल तिथवर. मी मेस्त्रींना म्हणालो, "इथल्या माणसाने सावलीला जायचं म्हटलं तर कुठे जायचं?" मेस्त्री ज्वारीकडे पाहत राहिले.

स्टँडजवळच्या खाणावळीत पानात भाकरी पडली ती वाजली. मला वाटलं, ताट आपटलं. पण भाकरीच होती, पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी. सोबत शेंगदाण्याची लालभडक चटणी, दही आणि कांदा. नारळ नाही, मासळी नाही, आमटीत कोकम नाही. वाढपी म्हणाला, "चुरून खावा की." मी चुरली, खाल्ली, आणि तोंड पोळलं म्हणून अर्धा तांब्या पाणी प्यायलो. पाणीही मचूळ. ही सगळी तक्रार मी ऐकवेपर्यंत मेस्त्रींनी चार भाकऱ्या संपवल्या होत्या.

एक मात्र कबूल करतो. हे शहर कानाने ओळखू येतं. विणकरांच्या पूर्वभागात शिरलं की प्रत्येक घरातून मागाचा खटखटाट, आणि त्या खटखटाटावरून बायका एकमेकींशी तेलुगूत मोठ्याने बोलत असतात. आमच्याकडे दोन घरांमध्ये एक बाग असते, इथे दोन घरांमध्ये एक भिंत, आणि तीही थरथरणारी.

मंगळवार, गॅसघर

राजय्या शेठ हे पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, कपाळाला उभं गंध लावणारे गृहस्थ. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी, आणि भट्टीवरच्या इमामचाचांशी दखनी, अशी त्यांची जीभ दिवसभर रूळ बदलत असते. त्यांनी चहा पाजला आणि जुनी भट्टी इंजिनासकट वळसंगला त्यांच्या जुन्या तेलघाण्यात पडून आहे म्हणून सांगितलं. व्यवहार दोन मिनिटांत ठरला. मग म्हणाले, "पण राव, माझ्या हो म्हणण्याला अर्थ नाही. इमामचाचांनी तुमच्या माणसाला पास केलं तरच भट्टी हलेल. गॅसच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही."

इमामचाचा म्हणजे शेठच्या वडिलांच्या काळापासून गॅस बनवणारा माणूस. पासष्टी उलटलेली, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, आणि पांढरं म्हणून अंगावर तेवढंच. मागांच्या शेडला लागून एक बुटकी दगडी खोली, तिला सगळे गॅसघर म्हणतात. आत लोखंडाची उभी भट्टी, माणसाच्या दीडपट उंच, वरून झाकणबंद. तिथून नळ निघून एका मोठ्या पिंपात जातो, पिंपातून भुश्श्याच्या पेटीत, आणि पेटीतून भिंतीपलीकडे इंजिनाकडे. त्या इंजिनाचं चाक माझ्या डोक्याहून वर होतं. त्या एका चाकावर वरचा शाफ्ट, शाफ्टवर पट्टे, आणि पट्ट्यांवर चोवीस माग.

"कोळसा पेटवून गॅस म्हणजे काय जादू आहे?" मी विचारलं.

"जादू कायबी न्हाय," चाचा म्हणाले. "कोळसा पोटभर हवा मागतो. त्याला आर्धीच द्यायची. मग तो पुरता जळत न्हाय, धुमसत बसतो, आन त्याच्यातनं गॅस सुटतो. वरनं चिमटीभर वाफ सोडायची, म्हंजे गॅस जोरकस होतो. पिंपात पाण्यानं धुवायचा, भुश्श्यात पुसायचा, की इंजिनाला घास तयार."

मी म्हणालो, "म्हणजे कोळशाला उपाशी ठेवायचं."

"आर्धपोटी. उपाशी ठेवला तर विझंल की."

मग त्यांनी नळावरची बारकी तोटी उघडून काडी लावली. ज्योत आधी तांबूस, धुरकट आली. "कच्चा हाय." थोड्या वेळाने पुन्हा लावली तेव्हा निळी, न फडफडणारी. "आता पिकला." त्यांनी हाक मारली, भिंतीपलीकडे इंजिनाने दोन उसासे टाकले आणि चाक फिरायला लागलं. मेस्त्रींचे डोळे त्या ज्योतीवरून हलेनात. अठरा वर्षांत मी त्यांच्या तोंडावर तसला भाव पाहिला नव्हता.

गॅस पिकेपर्यंत आतून एकसारखी बडबड येत होती. चाचांचा जोडीदार सिद्राम भट्टीवर चढून गजाने आतली राखेची ढेपळं फोडत होता आणि तोंडाने मेव्हणीच्या लग्नात मानपान कसा चुकला ते सांगत होता. कुणाला? कुणालाच नाही. बाहेर पंखा फिरवणारे चाचा मधून मधून "हं" म्हणत होते. मला वाटलं, माणूस जरा सैल आहे. इंजिन चालू झाल्यावर चाचा म्हणाले, "हितं गप्प बसायचं न्हाय. ह्यो कायदा हाय."

कायदा असा. या गॅसला वास नाही, रंग नाही. इंजिन चालू असलं की ते गॅस ओढून घेतं, तेव्हा भीती नाही. पण सुरू करताना बाहेरून हाताने पंखा फिरवून आत हवा भरावी लागते, तेव्हा भट्टी फुगलेली असते आणि फटीफटीतून गॅस खोलीत येतो. आतल्या माणसाला कळतही नाही आणि तो बसल्या जागी कलंडतो. म्हणून आतल्याने बोलत राहायचं आणि बाहेरच्याने ऐकत राहायचं. आवाज थांबला की धावायचं. बाहेरच्याने मात्र बोलायचं नाही, नाहीतर आतलं ऐकू येणार नाही. फक्त "हं."

"गजाने ठोकत राहिलं तर?" मी विचारलं.

"नक्को. हात सवयीनं हलत राहतो." चाचांनी भट्टी सिद्रामवर सोपवली आणि माझ्या शेजारी बसले. "माझा पहिला जोडीदार हनमंतू. चौदा साल बराबर काम केलं आमी. एक दिवस भांडण झालं, पतंगावरनं. पोरांच्या पतंगावरनं, बघा. त्यानं अबोला धरला. दुसऱ्या दिवशी आत गेला, तोंड बंद. मी बाहेर. मला वाटलं, रागात हाय, ऱ्हाऊ दे. मीबी बोललो न्हाय." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "रागात नव्हता तो."

आत सिद्रामचं मेव्हणीचं लग्न अजून चालू होतं, ते मी आता कान देऊन ऐकू लागलो.

मग चाचांनी मेस्त्रींना समोर बसवून विचारलं, "नाव काय?" मेस्त्री म्हणाले, "गंगाराम." "गाव?" मेस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे यांचं तेच. "किती साल इंजिनावर?" मेस्त्रींनी एकदा दहा बोटं दाखवली आणि एकदा आठ. चाचांनी मान हलवली. "हात चांगला असंल ह्यांचा. पण ह्यो माणूस आत जायचा न्हाय. मी न्हाय पाठवणार. हनमंतूनंतर मुका माणूस मी भट्टीवर चढवत न्हाय."

मी खूप वाद घातला. माझा वाद म्हणजे काय, ते गाव जाणतं. चाचा ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणाले, "तुमीच का शिकत न्हाय, कोकणवाले? तुमचं तोंड तर चाकासारखं चालतंय." बाहेर आलो तर मेस्त्री इंजिनाच्या शेडच्या दाराशी उभे होते, आत न जाता. मला फार वाईट वाटलं आणि चाचांचा रागही आला, आणि चाचांचं बरोबर होतं याचा जास्त राग आला.

बुधवार, वळसंग

निदान भट्टी तरी पाहून यावी म्हणून वळसंगला गेलो. अक्कलकोटच्या वाटेवर, तासाभराचा रस्ता. जाताना शेठचा ड्रायव्हर म्हणाला, "आठ दिवस उशिरा आला असता तर हुरडा घावला असता." हे माझ्या नशिबाला धरूनच झालं. आमच्याकडे पाहुणा आंब्याला आठ दिवस लवकर येतो आणि कैऱ्या खाऊन जातो, तसा मी ज्वारीच्या कोवळ्या कणसांकडे पाहून परतलो.

जुना तेलघाणा बंद पडून वर्षं झाली होती. भट्टी बाभळीखाली उभी होती, गंजलेली पण धडधाकट. मेस्त्रींनी ती बोटांनी वाजवून पाहिली, नळांच्या आत हात घालून पाहिला, नटांवर थुंकी लावून पुसून पाहिलं. मग खालचं दार उघडायला गेले तर तिथे राखण करणारी आजीबाई आडवी आली.

"थांबा थांबा, दार उघडू नगासा. कोंबडी बसली हाय अंड्यावर."

"भट्टीत?"

"व्हय. चौदा अंडी हायती. तिला लई आवडतंय तितं." आणि मग वाकून तिने कोंबडीला कानडीत काहीतरी समजावलं, बहुतेक आमची ओळख करून दिली.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"पिल्लं निघंपातुर. धा-बारा रोज." तिचा आवाज असा, की जणू रेल्वेचं वेळापत्रक सांगते आहे. कोळशावर चालणारी भट्टी कोंबडीने अडवली, हे चिपळूणला कुणाला सांगितलं असतं तर माझं वजन होतं तेही गेलं असतं. मी बडबडलो. मेस्त्री खाली बसून दाराच्या फटीतून कोंबडीकडे पाहत होते, आणि मग हळूच त्यांनी दारावर आपला पंचा टाकला, तिला उजेड लागू नये म्हणून. तिथेच मी ठरवलं की चाचांचं म्हणणं मान्य. मी शिकेन, मी आत जाईन, मेस्त्री बाहेर पंखा फिरवतील. पण गिरण चालली पाहिजे आणि मेस्त्री गावात राहिले पाहिजेत.

गुरुवार, माझी शोभा

सकाळी सातला गॅसघरात हजर झालो. चाचा खूश होते. त्यांनी मला भट्टीवरच्या फळीवर चढवलं, गज हातात दिला, भोकाची टोपी कशी काढायची आणि किती वेळ उघडी ठेवायची ते दाखवलं, आणि बाहेर जाऊन पंख्याला बसले. मेस्त्री दाराबाहेरच्या दगडावर. मी सुरू झालो. विषयांची टंचाई मला कधी पडलेली नाही. सोलापूरची धूळ, लॉजवरचा ढेकूण, एसटीचा कंडक्टर, आमच्या मेव्हण्याने वाटणीत केलेला घोळ, सगळं ओळीने घेतलं.

आता मार्गशीर्षातली सोलापूरची सकाळ म्हणजे बोचरं प्रकरण. दुपारी टाळू तापते आणि सकाळी दात वाजतात, ही कुठली रीत? समोरच्या झरोक्यातून वारा थेट छातीवर येत होता. आम्हा कोकणातल्या माणसांना वाऱ्याच्या तोंडची खिडकी लावणं शिकवावं लागत नाही. चार महिने झडीच्या पावसात आम्ही दुसरं करतो काय? हात आपोआप गेला, झडप ओढली, खिट्टी घातली, आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. एकाही सोलापूरकराने हे केलं नसतं. इथे झरोका लावायचा नाही हे कुणाला सांगावंच लागत नव्हतं, म्हणून चाचांनीही सांगितलं नव्हतं.

पुढचं मला अर्धवट आठवतं. डोकं जड झालं. मग ते जडपण गेलं आणि फार छान वाटू लागलं, जेवून पडवीत आडवं व्हावं तसं. मी बोलतच होतो. आणि अचानक माझी मानगूट कुणीतरी पकडली, फळीवरून खेचलं, आणि मी पोत्यासारखा अंगणात आलो. वर निळं आभाळ, आणि त्यात मेस्त्रींचं तोंड.

मला मोकळ्या हवेत कडुनिंबाखाली निजवलं. डोकं असं ठणकत होतं की जणू त्या चोवीस मागांनी माझ्या कवटीतच बिऱ्हाड केलंय. दोनदा ओकलो. शेठ धावत आले, त्यांनी लगेच डॉक्टर बोलावला, त्याने पाहून धोका टळला म्हणून सांगितलं. चाचांनी झरोका पाहिला, खिट्टी काढली आणि पांढरे पडले.

"पण ते तर बोलत हुते की," ते मेस्त्रींना म्हणाले. "आवाज थांबला नव्हता. मी कान लावून हुतो. तुमाला कसं कळलं?"

मेस्त्रींनी आधी माझी मान सरळ केली. मग म्हणाले, "बोलत व्हते. पन चांगलं बोलत व्हते."

"म्हंजे?"

एवढं मोठं वाक्य बोलायची वेळ मेस्त्रींवर क्वचित आली असेल. "आदी म्हनाले, सोलापूरचं पानी ग्वाड हाय. मी म्हटलं, असंल. मंग म्हनाले, भाकरी मऊ व्हती. मंग म्हनाले, माजा मेव्हना देवमानूस हाय." त्यांनी श्वास घेतला. "तवा मी उठलो."

शेठ हसले, सिद्राम हसला, डोकं फुटत असतानाही मी हसलो. चाचा आधी हसले आणि मग टोपी काढून तिने तोंड पुसत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "इतकी सालं मी आवाज ऐकतोय. ह्यो माणूस बोलणं ऐकतो."

शुक्रवार, चाचांच्या घरी

गुरुवारी शेठनी मला लॉजवर जाऊ दिलं नाही, चाचांनी आपल्या घरी नेलं. चाचांच्या घरी बानूबी, त्यांची बायको, ठेंगणी, चटचटीत बाई. तिने रात्रभर माझं पथ्य सांभाळलं आणि शुक्रवारी दुपारी डालचा-भात वाढला. डाळीत दुधी, चिंचेचा आंबटपणा, आणि भात मोकळा. भात पाहून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मी म्हणालो, "बानूबी, फार चांगला झालाय." तिने ताबडतोब खिडकी उघडली. म्हणाली, "इनकी तबियत फिर बिगडी क्या?" घर हसून लोटपोट झालं. आता जन्मभर कुणाला चांगलं म्हणायची माझी सोय राहिली नाही.

जेवणानंतर चाचांनी निकाल सांगितला. "भट्टी तुमाला द्यायची. पण कोकणवाले, तुमी पुन्ना आत जायचं न्हाय. खिडक्या लावणारा माणूस नक्को. आत ह्ये जातील," त्यांनी मेस्त्रींकडे बोट केलं, "आन तुमी बाहेर. उद्या परीक्षा. ह्यांनी बोलायचं. तुमी गप्प बसायचं. जमलं तर भट्टी तुमची, न्हाय तर कोंबडीची."

मेस्त्री जमिनीकडे पाहत होते. मला परीक्षेची माझी बाजू जास्त अवघड वाटली. संध्याकाळी सराव म्हणून मी पाव तास गप्प बसून पाहिलं. बानूबी दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली.

शनिवार, परीक्षा

सकाळी झरोका उघडा, दार उघडं. मेस्त्री फळीवर चढले. मी पंख्याला बसलो, हँडल हातात घेतलं. चाचा माझ्या शेजारी, हातात काडेपेटी. सिद्राम इंजिनापाशी. मी पंखा फिरवायला लागलो. भट्टी घुमायला लागली. आत टोपी निघाल्याचा आवाज आला, गज आत गेल्याचा आला. माणसाचा आवाज येईना.

चाचांनी दहा श्वास वाट पाहिली असेल. मग ओठ आवळून ते उठू लागले. माझ्या मनात मुंबईचा तो कारखाना, त्याचं फाटक, आणि फाटकाशी काठी घेऊन बसलेले मेस्त्री दिसले. मी ओरडणार होतो, "अहो बोला, काहीही बोला." पण मला फक्त "हं" म्हणायची मुभा होती. मी म्हणालो, "हं?"

"काय बोलू?" आतून आलं.

"हं."

"टोपी काडली. गज घातला." मोठी फट पडली. मग मेस्त्रींचा आवाज पुन्हा आला, कुणी पाठ केलेलं म्हणावं तसा, एका सुरात. "पुराच्या साली पट्टा तुटला. तुमी गावभर सांगितलंत का गंगारामनं ढिला बांदला. ढिला नव्हता. तुमची छत्री आडकली व्हती त्यात. मी काडली न् माळ्यावर टाकली. अजून हाय."

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हं," मी म्हणालो.

"तुमी रोज मला चा देता. अठरा वर्सं. साकर किती, कदी इचारलं न्हाय. मला गोड चा सोसत न्हाय."

"हं."

"तुमी मेव्हन्याला जी पत्रं लिवता, ती मला वाचून दाकवता. त्यात चूक तुमची हाय. बांद तुमीच सरकवला व्हता. मी बगितला."

इथे मला पंखा सोडून आत जावंसं वाटलं. चाचांनी माझा हात हँडलवर घट्ट दाबून धरला, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. अठरा वर्षांचा साठा होता, आणि तो माणूस एकेक पोतं उतरवावं तसं उतरवत होता. मी गिऱ्हाइकाशी कसा वाद घालतो, गोष्ट सांगताना शेवट कसा दर वेळी बदलतो, घसरलेल्या धोतराचं भान मला कसं नसतं. गज चालू होता, ढेपळं फुटत होती. चाचांनी तोटीला काडी लावली. ज्योत तांबूस आली.

"आजून थोडं," चाचा माझ्या कानात म्हणाले.

आतला आवाज थोडा खाली आला. "माजी बायको गेली तवा तुमी तीन दिवस माज्या वट्यावर बसलात. बोलतच व्हतात. काय बोललात त्यातलं कायबी आटवत न्हाय. पन तुमी बोलत व्हतात म्हनून मला बोलायला लागलं न्हाय. लोक येत व्हते, तुमीच सगळ्यांना सांगत व्हतात."

मी पंखा फिरवत होतो. "हं" म्हणायचं राहिलं, ते चाचांनी म्हटलं.

"भाच्याला मी इसर्जनाच्या दिवशीच न्हाय म्हनून सांगितलंय. गिरन चालू होवो, ना होवो. मुंबईत मी कुनाचं आयकत बसू?"

मग गज बाहेर निघाला आणि टोपी बसली. चाचांनी दुसरी काडी ओढली. ज्योत निळी, सरळ, न हलणारी उभी राहिली. त्यांनी सिद्रामला हाक मारली, इंजिनाने उसासा टाकला, वरचा शाफ्ट फिरला आणि शेडभर माग सुरू झाले. मी आतल्या माणसाला अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि कायद्याप्रमाणे मला एकच उत्तर देता येत होतं.

"हं," मी म्हणालो.

ते नीट उमटलं नसावं. चाचा चटकन माझ्याकडे वळले, माझं तोंड निरखून पाहिलं आणि दंड धरला. "ओ कोकणवाले, ठीक हाय न्हवं? आवाज बदललाय तुमचा. चला, तिकडं मोकळ्या हवेत चला."

आतून मेस्त्री म्हणाले, "असू द्या चाचा. त्यो गॅस न्हाय."